पाच मुलखांच्या पाच बाटल्या, बसणार सहा जण. आधी कुठली उघडायची?

तिसरं_गेट (बेळगाव)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं नुसतं वाचूलालोय, आज पहिल्यांदा धागा काढूलालोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं, की भाचा आणि भाचेसून दुबईसनं आले, माणशी दोन लिटर आणता येतंय म्हणून दोघांत मिळून एकेक लिटरच्या चार बाटल्या घेऊन आले. ग्लेनलिव्हेट १२, जेमसन, मेकर्स मार्क आणि लाफ्रॉइग १०. पाचवी मी इथंच घेतली, अमृत फ्यूजन, म्हटलं चार परदेशी पाहुणे आणि आपल्या राज्याचं कोणीच नाही असं बरं दिसत नाही. येत्या शनिवारी साडूच्या शेतघरात जांबोटी रोडला सहा जण बसणार आहोत. आणि ह्यावेळी नुसतं प्यायचं नाही, जरा नीट चाखून लिहून ठेवायचं असं ठरलंय. वही पण आणलीय, दोनशे पानी, साडू म्हणाला एवढी पानं कशाला, मी म्हटलं असू दे.

अडचण अशी आहे की सहातले चार जण आजवर फक्त सोडा आणि बर्फ घालूनच पीत आलेत. एक सुभेदार मामा आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर, ते तीस वर्षं कॅन्टीनच्या रमशिवाय कशाला हात लावलेले नाहीत. आणि मी, यूट्यूब बघून शहाणा झालेला.

मला विचारायचंय की क्रम काय लावायचा. पाणी घालायचं का नाही. चखणा काय ठेवायचा, कारण साडूच्या घरचं सुकं मटण ठरल्यासारखंच आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लिहायचं काय? नेटवर बघितलं तर एकेकानं लिहिलंय हेदर, स्ट्यूड प्लम, ओलं लेदर, मार्झिपान. अहो हेदरचं फूल मी जन्मात बघितलेलं नाही, मार्झिपान म्हणजे काय ते गुगल केलं तेव्हा कळालं. मग वास आला तरी मी ओळखणार कसा? आणि ते इस्ले बेटाची व्हिस्की एकदम कडक असते म्हणतात, ती आमच्या लोकांना झेपंल का?

वखारीतला_वास (निपाणी)

पहिलं म्हणजे इस्ले म्हणू नका वो, उच्चार आयला आहे. लाफ्रॉइगचा पहिला घोट घेतल्यावर सहाच्या सहा जण तेच म्हणणार आहेत, त्यामुळं लक्षात राहील.

आता मापाचं बोलू. पाच बाटल्या म्हणून पाच पेग ओतलात तर तिसऱ्यानंतर वहीत फक्त रेघोट्या निघतील, स्वतःच्या अनुभवावरनं सांगतोय, आमच्या पहिल्या बैठकीच्या वहीत चौथ्या बाटलीपुढं नुसतं 'लई भारी' लिहिलंय आणि पाचव्यापुढं कुणाचा तरी फोन नंबर. माणशी १५ मिली ओता. पाच पंधरे पंचाहत्तर, म्हणजे अडीच लहान पेग, तेवढ्यात डोकं जाग्यावर राहतं. औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण येतं बघा, ते घ्या. आणि रात्री तिथंच मुक्काम करा, त्या रस्त्याला गवे आडवे येतात हे तुम्हाला सांगायला नको.

क्रम. हलकं आधी, धुराचं शेवटी, हा एकच नियम पाळा. जेमसन पहिली, कारण आयर्लंडची ही व्हिस्की तीनदा डिस्टिल होते, अंगानं हलकी, सोडावाल्यांना बिचकवत नाही. मग ग्लेनलिव्हेट, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, ती दोनदाच डिस्टिल होते. मग मेकर्स मार्क, ४५ टक्के, अमेरिकेतल्या केंटकीची बर्बन. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त, कायद्यानं ५१ टक्के तरी मका लागतो आणि ती भरतात आतनं जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात, म्हणून व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास ढीगभर येतो. मग अमृत, ती ५० टक्के आहे आणि तिच्यात थोडा धूर पण आहे. लाफ्रॉइग एकदम शेवटी. ती आधी घेतलात तर जिभेवर अशी बसते की पुढच्या सगळ्या बाटल्या तिच्याच लागतात, जसं आमच्याकडं वखारीत दिवसभर काम केलेल्या माणसाला रात्री भातालाही तंबाखूचाच वास येतो.

ग्लास. स्टीलचा गडवा नको, पेल्यासारखा पसरट तोंडाचा पण नको. खाली फुगीर वर निमुळता असा छोटा वाईनचा ग्लास मिळाला तर बेस, वास वर गोळा होतो. नाक आत खुपसून जोरात ओढू नका, नुसता स्पिरिटचा झटका बसतो आणि पुढची दहा मिनिटं नाक बधिर. ग्लास हनुवटीजवळ धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, वास आपोआप येतो.

पाणी घाला, नक्की घाला, पण चमच्यानं. आधी कोरी एक चव, मग अर्धा चमचा पाणी, मग परत. २०१७ ला स्वीडनच्या दोघा शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशेब मांडून दाखवलं होतं की ग्वायकॉल म्हणून जो धुरकट वासाचा रेणू आहे तो कडक दारूत आत दडून बसतो आणि पाणी घातलं की पृष्ठभागावर येतो, म्हणजे नाकाला जास्त लागतो. पाणी नळाचं घेऊ नका, क्लोरीनचा वास सगळ्यावर स्वार होतो. बर्फ त्या दिवशी फ्रीजमध्येच राहू दे, थंड झालं की वास झोपतो.

चखण्याला सुकं मटण म्हणालात, ऐकून तोंडाला पाणी सुटलं, पण ते शेवटच्या बाटलीनंतर. मध्ये बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे नाहीतर कोरी भाकरी. फरसाण, लसणाची चटणी, मिरचीचा ठेचा एकदम बंद.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, लिहायचं काय. हेदर-बिदर सोडून द्या. ज्यानं ते लिहिलंय तो तिकडं लहानाचा मोठा झाला, त्याच्या नाकात ते बसलंय. आपल्या नाकात काय बसलंय ते आपण लिहायचं. मी तंबाखूच्या गावचा, शेरी वाईनच्या पिंपातल्या व्हिस्कीला ते लोक 'तंबाखू लीफ' म्हणतात तेव्हा मला हसू येतं, कारण कुठला तंबाखू? हिरवा, वाळवणातला, चाळलेला, का वखारीत थप्पी लावून घाम आलेला? ह्या चारींचे वास चार. मला त्या व्हिस्कीत थप्पी मोडताना येतो तो गोडूस वास येतो, आणि हे मी तसंच्या तसं वहीत लिहितो. बर्बनला मी लिहिलंय 'काकवी उतू जाऊन चुलवणाच्या कडेला करपली'. ग्लेनलिव्हेट १२ ला 'अननसाच्या शिऱ्यातला अननस, शिरा नव्हे'. कुणाला पटो न पटो, मला दोन वर्षांनी वाचलं तरी ती चव जशीच्या तशी परत आठवते, आणि वहीचं काम तेवढंच.

कणकुंबीचं_धुकं

आयला!! (बेट नव्हे, नुसतं आयला)

तिसरं गेट साहेब, लाफ्रॉइगचं मी सांगतो. आमच्याकडं जुलैत भर पावसातनं म्हशी घेऊन आलेला माणूस चुलीपुढं घोंगडी वाळत टाकतो की नाही, ती ओली घोंगडी, चुलीतल्या शेणी, आणि कोपऱ्यात आज्जीनं गुडघ्याला आयोडेक्स लावलेलं. बस्स. हीच लाफ्रॉइग. लोक त्याला हजारो रुपये मोजूलालेत आणि आम्ही जन्मभर फुकटात हुंगूलालोय.

चंदगडी_काजू

निपाणीकरांचं वासाचं पटलं, पण 'मुलखांच्या बाटल्या' हे जे धाग्याचं नाव आहे त्यावरच मला थोडं बोलायचंय, रागावू नका.

स्कॉटलंडचे पाच भाग कायद्यात आहेत, स्पेसाइड, हायलँड, लोलँड, आयला, कॅम्बेलटाउन, २००९ च्या नियमांत लिहिलंय. पण ही नावं पत्ता सांगतात, चव नाही सांगत. लोकांनी पाठ केलंय आयला म्हणजे धूर, स्पेसाइड म्हणजे फळं आणि मध. बुनाहाव्हन आयला बेटावरचीच, तिची नेहमीची बारा वर्षांची बाटली बिनधुराची. ब्रुइक्लॅडी पण तिथलीच, तिची साधी बाटली बिनधुराची आणि त्याच भट्टीतनं ऑक्टोमोर निघते जी जगातल्या सगळ्यात धुरकट व्हिस्क्यांत मोजतात. एकच गाव, एकच पाणी, तीच तांब्याची भांडी. उलटीकडं आर्डमोर हायलँडातली असून धुराची, आणि आपल्याकडं जी टीचर्स मिळते तिच्या पोटात आर्डमोरच आहे, म्हणजे आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी 'मला धुराची चालत नाही' म्हणत वर्षानुवर्षं धुराचीच प्यायलीय. टॅलिस्कर स्काय बेटावरची, पण नियमाप्रमाणं बेटं हायलँडात धरतात, चव मात्र खारट मिरीची.

धूर कुठनं येतो हे कळलं की सगळा गोंधळ मिटतो. घरी नाचणीचं सत्त्व करताना काय करतो? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मग दळायची. बार्लीचं पण तेच, मोड आले की आतल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात, आणि मग मोड थांबवायला वाळवावी लागते. ती वाळवताना खाली काय जाळता एवढाच प्रश्न. नुसती गरम हवा सोडली तर धूर नाही. पीट जाळलं तर धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून दबलेली झाडपाला-शेवाळाची माती, विटा पाडून वाळवतात, आपल्या शेणींसारख्याच. तो धूर दाण्याला लागतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही.

बाकी चवीचा मोठा वाटा लाकडाचा. नियम असा की बर्बनला पिंप दरवेळी नवं लागतं, मग एकदा वापरलेली पिंपं अमेरिका विकते आणि ती स्कॉटलंडला जातात, बंगळुराला पण जातात. म्हणजे शनिवारी तुमच्या टेबलावर ग्लेनलिव्हेटमध्ये जो व्हॅनिला लागेल तो बऱ्यापैकी मेकर्स मार्कच्या भाऊबंदांनी सोडलेला आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा.

जाता जाता, मी सीमेच्या अल्याडचा, आमच्याकडं महाराष्ट्रात पंचवीस वय आणि वर परमिट, तुमच्याकडं एकवीस. बायको म्हणते तुम्ही बेळगावला एवढं कुठलं काम काढता दर महिन्याला.

माजी_हवालदार_खानापूर

सुभेदारसाहेबांना माझा राम राम सांगा. त्यांना उगीच छळू नका, रम ती रम.

आणि एक कळत नाही. तुम्ही लोक अमृतला बाकीच्यांच्या पंगतीला कसं बसवूलालाय? भारतातली व्हिस्की म्हणजे मळीची दारू हे आम्ही नोकरीत असल्यापासून ऐकतोय. युरोपात तर तिला व्हिस्की म्हणून विकायला पण देत नाहीत. रंग आणि सेंट घातलेली रमच ती, मग रमच प्या की सरळ, ती निदान खोटं बोलत नाही.

दुसरं, परदेशी बाटली कुणा एजंटकडनं स्वस्तात घेऊ नका. मी एकदा फसलोय. नाव नाही घेत, पण 'एअरपोर्टचा माल' म्हणून आणून दिली, डबा ओरिजिनल, बाटली ओरिजिनल, आत इथलाच माल. टोपणाची रिंग आधीच सुटलेली होती ते मी बघितलंच नाही, जावयापुढं उघडली आणि तो बिचारा काही बोलला नाही पण परत कधी माझ्याकडं स्कॉच मागितली नाही.

मळी_ते_मोलॅसिस (चिकोडी)

हवालदारसाहेब, अर्धं बरोबर अर्धं चूक, आणि हे माझ्या पोटापाण्याचं आहे म्हणून जरा लांबण लावतो. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे, कुठला ते नाही सांगत.

मळी म्हणजे उसाचा रस आटवून साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट पाक उरतो तो. ती पाण्यात पातळ करून यीस्ट घालायचं, आंबली की तिला वॉश म्हणतो आम्ही, त्यात आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. मग ती उंच कॉलममधनं काढायची, ते थांबत नाही, चोवीस तास सुरू, वरनं निघतो ९६ टक्क्यांचा स्पिरिट. आणखी शुद्ध केला की ई.एन.ए. म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे अक्षरशः न्यूट्रल, त्याला ऊस असो तांदूळ असो कसलाच वास ठेवलेला नसतो, तेच तर आमचं काम, वास राहिला तर शिफ्टवाल्याला बोलणी बसतात. ह्या स्पिरिटात थोडा माल्ट म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा स्पिरिट, कॅरमल, फ्लेवर, पाणी घालून जे होतं ती आपली क्वार्टरवाली 'व्हिस्की'. सगळ्या तशाच असतात असं नाही, काहींत धान्याचा स्पिरिट असतो, पण स्वस्तातल्या बऱ्याचशा मळीवरच्या. युरोपात व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून ती तिकडं ह्या नावानं चालत नाही, एवढं तुमचं बरोबर.

लेबलवर ४२.८ टक्के का असतंय हे कधी बघितलंय का कुणी? ४० नाही, ४३ नाही, ४२.८. ब्रिटिशांच्या जुन्या मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्याचे ७५ डिग्री काढले की ४२.८. गोरा गेला, त्याचं माप आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये अजून बसलंय.

पण अमृत फ्यूजन ह्यात येत नाही. ती सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली, मोड आणलेली बार्ली, तांब्याची भांडी, लाकडी पिंप, स्कॉटलंडात जे करतात तेच. फ्यूजन नाव अशासाठी की आपल्याकडची बिनधुराची बार्ली आणि स्कॉटलंडची पीटवाली बार्ली, दोन्हींची दारू वेगळी काढतात, वेगळी मुरवतात आणि शेवटी लग्न लावतात. आणि गंमत बघा, अमृतवाल्यांनी २००४ ला आपली पहिली सिंगल माल्ट विकायला काढली ती बंगळुरात नाही, स्कॉटलंडातल्या ग्लासगोत. थेट मास्तरांच्या घरी जाऊन पाढे म्हणून दाखवले. अमृतवाल्या घराण्याचं आडनाव जगदाळे, हे एक सहज सांगून ठेवतो.

ह्या बाटलीवर वय लिहिलेलं नसतं म्हणून नाक मुरडू नका. पिंपातनं दरवर्षी थोडी दारू उडून जाते, देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के, बंगळुरात दहाच्या पुढं. मी हिशेब करून बघितला, तिकडं बारा वर्षांत पाचवा हिस्सा जातो, इथं चारच वर्षांत तिसरा हिस्सा गायब. बारा वर्षं ठेवली तर पिंपात पाव हिस्साच सापडंल. पण उष्णतेनं लाकूडही तेवढ्याच घाईनं उतरतं दारूत, म्हणून चार-पाच वर्षांची आपली माल्ट तिकडच्या बाराच्या बरोबरीनं बोलते. आंबा पेटीत पिकवलेला आणि झाडावर पिकलेला एवढा फरक मात्र राहतोच, कुठला चांगला ते मी नाही सांगत.

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे, तिथलं पण हेच गणित. म्हणजे बघा, बेळगाव असं बसलंय की एका बाजूला बंगळूर, एका बाजूला कुंकळ्ळी, आणि शेजारी आमच्या मळीच्या टाक्या. हल्ली तर मळीचा बराचसा स्पिरिट गाड्यांच्या पेट्रोलमध्येच जातोय. हिरो होंडा पिते आणि मालक बघतो.

चंदगडी_काजू

चिकोडीकर, पाव हिस्सा सापडंल हे वाक्य आमच्या भाऊबंदकीच्या जमिनीला पण लागू होतं.

भाववाल्यांसाठी एक, स्कॉचवरचा आयातकर १५० टक्के होता, २०२५ च्या जुलैत ब्रिटनबरोबर जो करार झाला त्यात तो ७५ वर आणून पुढं दहा वर्षांत ४० करायचं ठरलंय. पण राज्याची एक्साइज वेगळी बसते, त्यामुळं दुकानात बाटली निम्म्यावर येईल अशी स्वप्नं बघू नका. आणि गोव्यात स्वस्त आहे म्हणून चोर्ला घाटातनं डिकीत घालून आणायचा विचार कुणाच्या मनात आला तर तपासणी नाक्यावर बाटली पण जाते आणि इज्जत पण.

तिसरं_गेट (बेळगाव)

झालं वो मंडळी, पार पडलं. तुम्ही एवढं सांगितलं म्हणून रविवारी दुपारीच लिहूलालोय, डोकं शाबूत आहे, निपाणीकरांच्या औषधाच्या टोपणाची कृपा.

ग्लास सहा सारखे मिळाले नाहीत, चार वाईनचे आणि दोन साडूच्या देवघरातले काचेचे, कुठल्या देवाचे ते विचारू नका, त्याच्या बायकोला अजून ठाऊक नाही. बर्फाचं म्हटल्यावर दोघं जण रुसले, अर्धा तास बोललेच नाहीत.

जेमसनला सगळे म्हणाले गोड आहे, सरबतासारखी जाते. वहीत लिहिलंय 'ओल्या गवताची पेंढी, मागं जरा मध'. ग्लेनलिव्हेटला साडू म्हणाला पेरू, दुसरा म्हणाला पेरू नाही, पेरू ठेवलेल्या पिशवीचा वास, आणि ह्यावर दहा मिनिटं भांडण झालं, शेवटी दोन्ही लिहिलं. मेकर्स मार्क उघडली आणि एकजण पटकन म्हणाला, 'कुंदा!' खरंच, कुंद्याच्या कढईत तळाला लागून जे तांबूस खरपूस होतं ना, तोच वास, व्हॅनिला-बिनिला म्हणायची गरजच पडली नाही. मग चंदगडकरांनी सांगितल्याप्रमाणं परत ग्लेनलिव्हेट हुंगली आणि शपथ, खाली बारीकसा तोच कुंदा. आधी अजिबात जाणवला नव्हता.

अमृतला पाणी न घालता तिखट झोंबली, चमचाभर घातल्यावर एकदम उलगडली. मी लिहिलंय 'गुऱ्हाळ, पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहून', म्हणजे गुळाचा वास आधी आणि चिपाडाच्या जाळाचा धूर मागनं. पाचही जणांना ही सगळ्यात आवडली, हवालदारसाहेब, चार परदेशी बाटल्यांच्या पंगतीत. तुमचा फसलेल्या बाटलीचा किस्सा मोठ्यानं वाचून दाखवला, नाव न घेता.

पाच जणांना म्हणालो, कारण सुभेदार मामांचं वेगळंच. चार बाटल्या ते गप्प. प्रत्येकाला एकच शेरा, 'ठीक'. वहीत त्यांच्या रकान्यात चार वेळा ठीक लिहिलंय. लाफ्रॉइग आली तेव्हा पाचही जण घोंगडी-घोंगडी म्हणून हसूलाले, एकजण तर बाहेर जाऊन चूळ भरून आला. मामांनी ग्लास नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मग म्हणाले, बर्फातल्या पोस्टवर रॉकेलच्या बुखारीपुढं भिजलेले मोजे वाळवायचो, मेडिकल किट उघडी असायची, शेजारी रमचा मग. हे तेच आहे. एवढंच बोलले. वहीत मी ते तसंच उतरवून घेतलंय, बाकीच्यांच्या ओळी त्यापुढं पोरकट वाटूलाल्यात.

नंतर मटण आलं आणि मग कुणी काय लिहिलं नाही.

सकाळी निघताना मामांनी लाफ्रॉइगची उरलेली बाटली काखेत मारली. म्हणाले, पिणार नाही रे, गुडघ्याला चोळतो. साडूला खरं वाटलंय. मी बुधवारी त्यांच्या घरी जाऊन बघून येतो.